पिंपाला तळ असतो

प्रिय सदबर्ग,

आधी माझ्या अक्षराला हसून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील. चार इयत्ता झाल्या, पाचवीच्या वर्षी कापूस वेचायला नेलं ते मी परत शाळेची पायरी चढले नाही. त्यामुळे तुझी आजी चौऱ्याहत्तरची झाली तरी तिचं अक्षर अजून दहा वर्षांचंच आहे. तुझी आई म्हणत होती, बीबी, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, तू तुझी कढई बघ. तिच्या हातून गेलं तर ती माझ्या बोलण्याचे सगळे कोपरे घासून गुळगुळीत करील. आणि फोनचं म्हणशील तर फोन कानाला लावला की मी ओरडते हे तुला ठाऊक आहे. ओरडून सांगायची ही गोष्ट नाही.

घरचं सगळं ठीक. तुझ्या बापाने फाटकाला हिरवा रंग दिलाय, येणारा-जाणारा पोलीस चौकी समजून आत डोकावतो. तांबडी गाय व्याली, कालवड झाली, आईपेक्षा शहाणी दिसते. डाळिंबाची झुडपं थंडीसाठी वाकवून मातीखाली पुरली. माझे नवे दात बसले, पण सोन्याचे नाहीत. दातांच्या डॉक्टरने सांगितलं, हल्ली सोन्याचे कुणी बसवत नाही. मग मी हसू कशाला, असं त्याला विचारलं तर पोरगा लाजला.

आता मुद्द्याचं. गेल्या वसंतात सव्रीच्या घरी तिच्या नातवाला पाळण्यात घातलं, त्या जेवणात चाळीस बायकांपुढे मी तुझ्याबद्दल जे बोलले ते तू विसरली नसशील. मीही नाही. आणि गावाने तर मुळीच नाही. मागच्या महिन्यात दूध द्यायला आलेली बाई मला म्हणते, तुमची बुखाऱ्याची नात ना, जिच्या हाताला धुण्याचा गुण नाही? आपल्याकडे सून कशी ते तिच्या दोरीवरून ठरतं. मागणी घालायला आलेल्या बायका आधी अंगणातली दोरी बघतात, चादरीला चिमटीत धरून चोळतात आणि मग मुलीला आत बोलवा म्हणतात. तेव्हा असलं नाव म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको. ते नाव मी लावलं. ते काढायचंही मलाच आहे. कसं काढलं आणि कुठवर काढलं ते या पत्रात लिहिते, पण माझ्या चालीने लिहिते, तू मध्ये उठून जाऊ नकोस.

तू मला कायम म्हातारी बघितलीस. मी बावीस वर्षांची होते तेव्हा तालुक्याच्या प्रसूतिगृहात धोबीण म्हणून लागले. आपल्या भागातलं पाणी म्हणजे पाणी नाही, पातळ केलेला दगड. साबण लावला की फेस येत नाही, दही नासल्यासारख्या गाठी येतात आणि त्या कापडाला धरून बसतात. त्या पहिल्या हिवाळ्यात मी धुतलेली बाळोती दोरीवरून काढली की उभी राहायची. पत्र्यासारखी. त्यात दोन दिवसांची पोरं गुंडाळायची. पोरांच्या मांड्या, काखा लालभडक. तिथला मोठा डॉक्टर मला बोलावून म्हणाला, बाई, तू साबण घरी नेतेस आणि इथे नुसतं पाण्यातून काढतेस. चोर म्हटलं मला. मी साबणाची पेटी त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, घ्या, तुम्ही धुवून दाखवा. पण घरी येऊन चुलीपुढे रडले, हे मात्र तुला आजवर कुणी सांगितलेलं नसेल, कारण ते फक्त माझ्या सासूने पाहिलं होतं.

माझ्या सासूने मला आयुष्यात दोनच गोष्टी दिल्या. एक तुझा आजोबा आणि दुसरा खार. दोहोंत खार जास्त उपयोगी पडला. शरदात वाळवंटाच्या कडेला ती खारी झुडपं कापायची, वाळवायची, खड्ड्यात जाळायची. राख वितळून तिचा दगड होतो, करडा, काचेसारखा जड. मोठे खडे कुंभार नेतात, भांड्यांच्या निळ्या झिलईसाठी, आणि चुरा बायकांचा. तो चुरा पिंपभर पाण्यात घालायचा, वल्ह्यासारख्या काठीने ढवळायचा आणि झोपायला जायचं. सकाळी पिंपाच्या तळाशी दोन बोटं पांढरा गाळ. पाण्यातला सगळा दगड खाली बसलेला. वरचं पाणी डावाने अलगद काढून घ्यायचं, तळापासून चार बोटं वर थांबायचं, लोभ करायचा नाही. त्या पाण्यात साबणाला असा फेस येतो की हात दिसत नाही. रेशमाला मात्र खार दाखवायचा नाही, रेशीम मरतं. सुती कापड जगतं, आणि जगतं म्हणजे काय, दहा वर्षांचं दुपटं गालाला लावलं तर झोप यावी.

दोन महिन्यांत पोरांच्या मांड्या बऱ्या झाल्या. मोठा डॉक्टर स्वतः मागच्या अंगणात आला, पिंपात वाकून बघितलं, चष्मा आत पडता पडता वाचला. माफी मागितली नाही. आणखी तीन पिंपं पाठवून दिली. त्याच्या जातीचे लोक अशीच माफी मागतात, आणि तेव्हा मला ते पुरलं होतं. अडतीस वर्षं मी तिथे धुतलं. या तालुक्यात आज जो कुणी तिशी ओलांडून मिशा पिळतोय, तो पहिल्यांदा माझ्या दुपट्यात मुतलाय. बाजारातून जाताना मी माणसांकडे बघते आणि मनात म्हणते, तुझं ढुंगण मी कोरडं आणि मऊ ठेवलंय, मला वांगी नीट तोलून दे. गर्व म्हणशील तर म्हण. गर्व करण्यासारखं माझ्याकडे दुसरं होतं काय?

म्हणून तुझ्या लग्नात मी काय दिलं ते आठव. तुझ्या आईने रजया दिल्या, मावशीने चिनीमातीचे वाडगे. मी पेटीत, रजयांच्या खाली, खाराचं गाठोडं ठेवलं. माझ्या हातची गाठ मारून. आणि तुला कोपऱ्यात ओढून सांगितलं, तुझ्या सासरी चार खोल्या परदेशी पाहुण्यांना देतात, आठ पलंग, दिवसाआड सोळा चादरी, बुखाऱ्याचं पाणी आपल्यापेक्षा वाईट. प्रत्येक धुण्याला मूठभर टाक, मग बघ तुझी सासू कशी गप्प होते. तू विचारलंस, "बीबी, मशीनमध्ये टाकलं तर चालेल?" त्या घरी पुढून काचेचा डोळा असलेलं मशीन आहे, आपोआप पाणी घेतं, आपोआप तापवतं, हे मला ठाऊक होतं. मी येऊन बघून गेले होते. तरी मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, "कापड तेच, पाणी तेच, खार तोच. मशीनला काय कळतंय?"

हे उत्तर इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

चौदा महिने चाललं. मग गेल्या हिवाळ्यात, नवरोजच्या तोंडावर, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना तुमचं मशीन बसलं. मेकॅनिकने आतली तापायची कॉइल बाहेर काढली तर ती दिसतच नव्हती म्हणे, वरून बोटभर जाड पांढरा दगड. चादरी करड्या पडलेल्या, कडक. एका पाहुण्याने जाताना लिहून ठेवलं की जेवण उत्तम, अंथरूण टोचतं. तुझ्या सासूबाईंनी, मुअत्तर विहीणबाईंनी, तुला सगळ्यांसमोर विचारलं, मशीनमध्ये काय घातलंस. आणि तू म्हणालीस, पावडर जास्त झाली, मला अंदाज आला नाही. एवढंच. त्यानंतर त्यांनी तुला मशीनला हात लावू दिला नाही. नवं आणलं ते तुझ्या नणंदेच्या ताब्यात गेलं आणि तू अंगणात टोपात चादरी उकळत बसलीस.

ही बातमी आपल्या गावात यायला दोन दिवस लागले. माझ्यापर्यंत ती अशी आली: होसियतच्या नातीने मशीन जाळलं. माझ्या. माझं नाव आधी, तुझं मागून. माझ्या अडतीस वर्षांवर कुणीतरी करड्या पाण्याची बादली ओतली असं मला वाटलं. तुला विचारायला हवं होतं मी. विचारलं नाही. सव्रीच्या घरी पाळण्याचं जेवण होतं, तू चहाची किटली घेऊन बायकांमध्ये फिरत होतीस, आणि कुणीतरी, बहुतेक सव्रीनेच, मुद्दाम विचारलं, होसियत, तुझी नात ना गं ही, तुझ्याकडूनच शिकली ना धुवायला? चाळीस डोकी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "शिकवणाऱ्याने शिकवलं. पण हिच्या हाताला गुण नाही, त्याला मी काय करू?"

बायका हसल्या. तू माझ्यापर्यंत आलीस, माझा वाडगा अर्धा भरलास, मान राखून, थोडासा, जसा मोठ्यांना भरतात तसा, आणि पुढे गेलीस. एक थेंब सांडला नाही. तेव्हा मला वाटलं, निर्लज्ज आहे. आता ते आठवलं की मला माझ्याच वाडग्यात तोंड घालून बसावंसं वाटतं. तुझ्याकडे पेटीत माझी गाठ होती. तू फक्त बोलली असतीस की खार बीबीने दिला होता, तर हसणं माझ्याकडे फिरलं असतं. तू बोलली नाहीस. सासरी बोलली नाहीस, माहेरी बोलली नाहीस, तुझ्या आईलाही नाही. तिला मी विचारलं, तर तिला गाठोड्याचा पत्ताच नव्हता.

उन्हाळाभर मी तुझ्याशी फोनवर दोन शब्दांपेक्षा जास्त बोलले नाही. मग शरदात दातांसाठी बुखाऱ्याला आले, तेव्हा तुमच्या घरीही डोकावले. त्या दिवशी तू नवऱ्याबरोबर, बहरुल्लाबरोबर, बाजारात गेली होतीस, मला वाटलं बरं झालं, तोंड चुकलं. चहा पिऊन निघावं असा माझा बेत. पण मुअत्तर विहीणबाई मला सोडायला तयार नाहीत. हात धरून म्हणतात, "विहीणबाई, आधी गच्चीवर चला." त्या वयाने माझ्यापेक्षा लहान, पण वजनाने दुप्पट, शिडीवर त्या पुढे आणि मी मागे, मी मनात कलमा म्हणत होते.

वर दोन टाक्या. एक उंच चौथऱ्यावर, एक खाली. विहीणबाईंनी मला अशा दाखवल्या जशा लोक नातवाची शाळेतली बक्षिसं दाखवतात. वरच्या टाकीत नळाचं पाणी भरायचं, त्यात मोजून धुण्याचा सोडा, ढवळून रात्रभर ठेवायचं. गाळ तळाला. त्या टाकीला तोटी तळाशी नाही, तळापासून वीतभर वर लावलेली. तिथून निवळ पाणी खालच्या टाकीत उतरतं आणि खालच्या टाकीतून मशीनला. आठवड्याने वरच्या टाकीचं बूच काढून गाळ वाहून टाकायचा. शेवटच्या पाण्यातून काढताना द्राक्षांच्या पांढऱ्या व्हिनेगरचा अर्धा वाडगा, त्याने कापडात उरलेला सोडा जातो आणि चादर मऊ राहते. महिन्यातून एकदा मशीन रिकामं, गरम पाण्यावर, आत दोन मुठी लिंबूसत्त्व, म्हणजे कॉइलवर बसू पाहणारा थर बसायच्या आधीच सुटतो. आणि ज्या दिवशी व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व असेल त्या दिवशी क्लोरीनच्या बाटलीला हात लावायचा नाही, विषारी वाफ उठते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, जणू मी कालची पोर. टाक्यांना थंडीसाठी लोकरीच्या जाड नमद्याचं पांघरूण शिवलेलं, गुंडीकाजं लावून. मी विचारलं, कुणी केलं हे? त्या म्हणाल्या, "तुमच्या नातीने. टोपात धूत होती तेव्हाच डोक्यात मांडलं तिने. बहरुल्लाने नळ जोडले, पण वीतभर कुठे ते तिने दाखवलं. पहिल्या चादरी वाळल्या त्या दिवशी मी कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे दिल्या. शेजारची तीन घरं येऊन शिकून गेली."

मी दोरीवरची चादर चिमटीत धरली. चोळली. नाकाला लावली. सदबर्ग, मी अडतीस वर्षं कापड हाताळलंय, मला कुणी फसवू शकत नाही. असं कापड माझ्या हातून चांगल्या दिवशी निघायचं. तुझ्या हातून रोज निघतं.

मग दिसलं ते. वरच्या टाकीच्या सावलीत, विटेवर ठेवलेलं, माझं गाठोडं. अर्ध्याहून जास्त रिकामं. आणि त्याच्या शेजारी ती जुनी कॉइल, दगड चढलेली, उंटाच्या हाडासारखी. विहीणबाई म्हणाल्या, ही राख कसली कुणास ठाऊक, टाकून दे म्हटलं तर देत नाही, म्हणते असू दे, आणि ती कॉइलही ठेवते, म्हणते बघितलं की चूक आठवते. मी खाली बसले, गुडघे दुखतात असं सांगून. कॉइलवरचा दगड नखाने खरवडला, जिभेला लावला. पिंपाच्या तळाचा गाळ मी ओळखते. आयुष्यभर खरवडलाय.

तेव्हा मला समजलं, सगळं एका घासात समजलं. पिंपाला तळ असतो. दगड तिथे बसतो आणि आपण वरचं पाणी घेतो. काचेच्या डोळ्याच्या मशीनला असा तळ नाही. त्याचा तळ म्हणजे त्याचं पोट. खार टाकला की दगड पाण्यातून सुटतो खरा, पण जाणार कुठे? कॉइलवर बसतो, चादरीत बसतो. मी मूठभर म्हटलं, तू मूठभर टाकलंस, चौदा महिने, बीबी म्हणाली म्हणून. मशीन तू जाळलं नाहीस. ते मी जाळलं, पन्नास कोसांवर बसून. मशीनला काय कळतंय, असं म्हणून. कळत मला नव्हतं. आणि तू काय केलंस? माझंच पिंप उचललंस, गच्चीवर नेलंस, त्याला योग्य जागी तोटी लावलीस. माझी चूकही शिकलीस आणि माझा गुणही सोडला नाहीस. एवढी अक्कल मला बाविसाव्या वर्षी नव्हती, चौऱ्याहत्तराव्याही नाही.

आता माझं खरं ऐक. त्या दिवशी मुअत्तर विहीणबाई समोर उभ्या होत्या, गाठोडं पायाशी होतं, आणि ते माझं आहे हे मी लपवलं. मी म्हटलं, भांडी घासायला ठेवली असेल. तीन वाडगे चहा प्यायले, तू यायच्या आधीच गाडी पकडली. वाटेत शेजारची बाई विचारते, दात दुखतात का आजी? मी म्हटलं, हो. दात कसले, दात तर नवे होते.

वीस दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून काढले. तुझी आई म्हणाली, बीबींना बरं नाही, वाटतं. मी उठून तिच्या किटलीत लिंबूसत्त्व घालून उकळलं, किटलीच्या आतून चार वर्षांचा दगड पापुद्र्यांनी सुटून आला. मी ते पापुद्रे तळहातावर घेऊन उन्हात बसले. माणसाच्या जिभेवरही असाच थर बसत असावा, रोज थोडा थोडा, आणि त्याला वाटत राहतं की आपलं पाणी अजून चांगलं तापतंय.

गेल्या शुक्रवारी सव्रीच्या घरी रजया भरायला बोलावलं होतं, तिच्या मुलीच्या लग्नाच्या. त्याच बायका. जमिनीवर कापूस पसरलेला, सगळ्या ओणव्या, सुया हातात. मी पहिला टाका घालायचा असा मान दिला, मी सर्वांत म्हातारी म्हणून. मी सुई खाली ठेवली आणि म्हटलं, आधी माझं ऐका, मग टाका घालते. आणि सांगितलं. गाठोडं, मूठभर, कॉइल, गच्ची, वीतभर वर तोटी, सगळं. पाळण्याच्या जेवणात काय बोलले होते तेही परत बोलून दाखवलं, म्हणजे कुणी म्हणायला नको की आठवत नाही. मग सव्री, जिच्या तोंडाला माझ्यापेक्षा कमी कुलूप आहे, ती म्हणाली, "म्हणजे होसियत, गुण नाही तो तुझ्या हाताला म्हणायचा?"

"माझ्या," मी म्हटलं. "आणि हे तू दुधवालीलाही सांग. तिच्याकडून गावाला लवकर कळतं."

सव्री हसली नाही, नवल म्हणायचं. तिने सुई उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, टाका घाल, आणि तुझ्या नातीला विचार, माझ्या मुलीच्या सासरीही तसलंच मशीन आहे, ती शिकवील का. सहा जणींनी तेच विचारलं. मी टाका घातला. वाकडा गेला, पण त्या रजईवर तो मुलीच्या आयुष्यभर राहील, राहू दे.

दुसऱ्या दिवशी मुअत्तर विहीणबाईंना फोन केला. ओरडले नाही. गाठोडं कुणाचं ते सांगितलं, त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुमच्या नातीने चौदा महिने तुमचं ऐकलं आणि मग दहा महिने तुमचं झाकलं, विहीणबाई, मला अशी सून आणून दिलीत, मी आता तुमच्यावर रागावू कशी? मी म्हटलं, थोडं रागवा, बरं वाटेल. तर त्या बाई हसायला लागल्या.

आता तू म्हणशील, बायकांना सांगितलं, सासूला सांगितलं, मग या चार कागदांचं काय काम? सांगते. परवा प्रसूतिगृहाच्या मुख्य सुईणबाई, फरोगत, आपल्या हिरव्या फाटकातून आत आल्या. तिथे तीन नवी मशीनं आलीत, पाच महिन्यांत दोन बसली, बाळोती परत पत्र्यासारखी निघतात, पोरांच्या मांड्या परत लाल. त्यांना मी हवी होते, म्हणाल्या, होसियत-बीबी, तुमच्याशिवाय कोण? सदबर्ग, चौदा वर्षं झाली मला घरी बसून, आणि या एका वाक्यासाठी मी चौदा वर्षं फाटकाकडे कान लावून होते, हे तुला कबूल करते. आणि ते वाक्य ऐकल्यावर मी म्हटलं, मी नाही, माझी नात. गुरुवारी सकाळी दहाला. सासूबाईंनी हो म्हटलंय, गाडी बहरुल्ला आणतोय, फक्त तुला विचारायचं राहिलंय, आणि तेच मला फोनवर जमेना, कारण विचारायच्या आधी जे म्हणावं लागतं ते मी आयुष्यात कुणालाच म्हटलेलं नाही, त्या डॉक्टरसारखी पिंपं पाठवून मोकळी झाले असते. तर म्हणते. चूक माझी होती, सदबर्ग, आणि तुझ्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं, आणि तू माझ्यापेक्षा चांगली धुतेस. येशील का? त्या जुन्या धुलाईघरात भिंतीला लांब बाक आहे, नव्या मुली शिकायला बसतात तो. मी त्यांच्यात बसणार आहे, शेवटच्या टोकाला. मला पुढे बसवू नकोस, माझी ओळख करून देऊ नकोस. आणि माझ्याच्याने राहवलं नाही, मी मध्ये बोलले, तर सगळ्यांसमोर सांग मला, बीबी, गप्प बसा आणि ऐका.

मी ऐकेन.

तुझीच, आणि आता तुझ्या हाताखालची,
होसियत-बीबी